काम चालू असतानाच लॅपटॉप स्लीपमध्ये जातो. कारण कसे शोधावे?

प्रश्न

नमस्कार. मी साताऱ्यात राहते आणि घरी बसून प्रकाशकांसाठी मुद्रितशोधनाचे काम करते. माझा लॅपटॉप साधारण सहा वर्षांचा असून त्यावर विंडोज १० आहे. गेल्या काही आठवड्यांपासून तो काम चालू असतानाच अचानक स्लीपमध्ये जातो. म्हणजे मी बराच वेळ हात लावला नाही म्हणून पडदा काळा होतो, असे नव्हे. मी वाक्य टाइप करत असते, बोटे कळांवर असतात आणि तेवढ्यात पडदा अंधारतो, पंख्याचा आवाज थांबतो आणि कडेचा छोटा दिवा संथपणे लुकलुकू लागतो. पॉवरचे बटन दाबले की पासवर्ड विचारणारा पडदा येतो, आणि उघडलेली फाइल जशीच्या तशी असते. काही गमावले जात नाही, पण तासाभरात दोन-तीनदा असे झाले की कामाची लय पार मोडते, आणि मुद्रितशोधनात लय मोडली की हमखास एखादी चूक नजरेतून निसटते.

मी जे पाहिले आहे ते सांगते. सेटिंगमध्ये चार्जर लावलेला असताना स्लीपची वेळ ‘नेव्हर’ अशी ठेवली आहे. चार्जर कायम लावलेला असतो. हा प्रकार बहुतेक वेळा संध्याकाळी सातनंतर होतो, सकाळी जवळजवळ कधीच होत नाही; त्यामुळे मला विजेच्या कमी-जास्त दाबाची किंवा दिवसभराच्या तापण्याची शंका आली. माझे यजमान रात्री याच लॅपटॉपवर हिशेबाचे काम करतात, पण त्यांना हा त्रास झालेला नाही. गावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप ठेवला, तेव्हा तिथे तो एकदाही स्लीपमध्ये गेला नाही. त्यांनी विंडोज नव्याने टाकून दिले. तरीही घरी आल्यावर पुन्हा तेच सुरू झाले. आता ते मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला देत आहेत, आणि तो खर्च लॅपटॉपच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी काही तपासता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (संगणक दुरुस्ती, नाशिक)

ताई, मदरबोर्डला एवढ्यात हात लावू देऊ नका. लॅपटॉप स्लीपमध्ये जातो तेव्हा तो का गेला याची नोंद विंडोज स्वतःच ठेवते, आणि ती नोंद वाचण्याआधी कोणताही भाग बदलणे म्हणजे रोग्याची नाडी न पाहता शस्त्रक्रियेची तारीख ठरवणे होय. आमच्या व्यवसायात ही नोंद पाहण्याची सवय फार कमी जणांना आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण पाच मिनिटांच्या या वाचनाने ग्राहकाचे हजारो रुपये वाचतात.

आधी एक खात्री करून घ्यावी लागते, आणि ती तुमच्या वर्णनात जवळजवळ झालेलीच आहे. पडदा काळा होणे आणि यंत्र स्लीपमध्ये जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिजागरीतून पडद्याकडे जाणारी पट्टीसारखी वायर झिजली, तर झाकण जरा हलले तरी पडदा जातो; पण अशा वेळी आत सर्व काही चालूच राहते, लावलेले गाणे ऐकू येत राहते आणि पंखाही फिरत राहतो. तुमच्याकडे पंखा थांबतो, दिवा लुकलुकतो आणि परत आल्यावर पासवर्ड विचारला जातो. म्हणजे यंत्र खरोखरच स्लीपमध्ये जात आहे.

आता नोंद पाहू. स्टार्ट मेनूत ‘इव्हेंट व्ह्युअर’ शोधून उघडा. डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखाली ‘सिस्टम’ निवडा. उजव्या बाजूच्या ‘फिल्टर करंट लॉग’वर क्लिक केल्यावर जी खिडकी उघडते, तिच्यात इव्हेंट आयडीच्या रकान्यात १, ४१, ४२, ५०६ हे आकडे स्वल्पविराम देऊन भरा. त्यानंतर जी यादी येईल, तिच्यात ‘कर्नल-पॉवर’ या नावाने आलेली ४२ क्रमांकाची नोंद शोधा. यंत्र स्लीपमध्ये शिरत असल्याचे तीच सांगते. तिच्यावर क्लिक केले की खाली ‘स्लीप रीझन’ अशी ओळ दिसते, आणि आपल्याला तीच ओळ हवी आहे. तिथे ‘सिस्टम आयडल’ असेल तर कोणी हात लावला नाही असे यंत्राने मानले. ‘बॅटरी’ असेल तर बॅटरी संपत आल्याचा संदेश मिळाला. ‘अ‍ॅप्लिकेशन एपीआय’ असेल तर एखाद्या प्रोग्रामने किंवा मेनूतून कोणी स्लीपची आज्ञा दिली. आणि ‘बटन ऑर लिड’ असेल तर बटन दाबले गेले किंवा झाकण बंद झाले असे यंत्राला वाटले. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये ‘मॉडर्न स्टँडबाय’ नावाची पद्धत असते; तिथे ४२ऐवजी ५०६ ही नोंद मिळते आणि कारण तिच्यातच लिहिलेले असते.

१ क्रमांकाच्या नोंदी इतर कारणांनीही येतात. आपल्याला फक्त ‘पॉवर-ट्रबलशूटर’ या नावाची हवी. यंत्र कशामुळे जागे झाले हे तिच्यात असते. मात्र तिच्या मजकुरातली झोपण्याची आणि उठण्याची वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार लिहिलेली असते, म्हणून तिच्यात साडेपाच तास मिळवूनच आपल्या घड्याळाशी ताडून पाहावे. अनेकांना दुपारी दीडची वेळ दिसते आणि ते म्हणतात, हा त्रास तर संध्याकाळी सातला झाला होता.

४१ क्रमांकाची नोंद आढळली तर मात्र गोष्ट वेगळी आहे. तिचा अर्थ यंत्र नीट बंद न होताच पुन्हा सुरू झाले असा आहे, आणि मग विजेचा पुरवठा, तापमान किंवा मदरबोर्ड यांचा विचार खरोखर करावा लागतो. तुमच्या फाइली उघड्याच राहतात, त्यामुळे ती सापडेल असे मला वाटत नाही. नोंद पाहून कारण इथे लिहा. पुढचे मग ठरवू.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे नोंदी पाहिल्या. ४१ची एकही नोंद नाही. ४२च्या नोंदी संध्याकाळच्या वेळेत एकामागोमाग एक दिसतात आणि प्रत्येकीत कारण ‘बटन ऑर लिड’ असेच लिहिले आहे. परंतु मी बटन दाबत नाही. ते कळफलकाच्या वर उजव्या कोपऱ्यात आहे आणि दाबायला चांगलेच कडक आहे. झाकण तर उघडेच असते, नाहीतर मी टाइप करणार कशी? त्यामुळे ही नोंदच चुकीची तर नाही ना, अशी शंका येते.

उत्तर २ (बँक कर्मचारी, अहिल्यानगर)

माझ्या भावाच्या लॅपटॉपला असाच त्रास होता. कंट्रोल पॅनलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडावे, डावीकडील ‘चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज’ वर क्लिक करावे आणि चार्जर लावलेला असतानाच्या रकान्यात ‘डू नथिंग’ ठेवावे. त्यानंतर त्याला पुन्हा त्रास झाला नाही. एवढ्याने काम होत असेल तर अधिक खोलात जाण्याची गरज नाही, असे माझे मत आहे.

उत्तर ३ (इलेक्ट्रॉनिक्सचे अध्यापन, पुणे)

नोंद चुकीची नाही. झाकण बंद झाले आहे असे यंत्राला खरोखरच कळवले गेले आहे; फक्त ते कळवणारा घटक झाकण पाहत नसतो, तो चुंबक ओळखतो. हे नीट समजून घेतले तर पुढचा शोध फार सोपा होतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

जुन्या लॅपटॉपमध्ये बिजागरीजवळ एक बारीक दांडी वर आलेली असे आणि झाकणाने ती दाबली गेली की स्विच बंद होई. आता बहुतेक ठिकाणी त्याजागी हॉल सेन्सर असतो. विद्युतप्रवाह वाहत असलेल्या पट्टीला लंब दिशेने चुंबकीय क्षेत्र लावले, तर पट्टीच्या दोन कडांमध्ये आडवा विद्युतदाब निर्माण होतो, हे एडविन हॉल यांनी १८७९ साली दाखवले. त्याच परिणामावर तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप चालते. पडद्याच्या चौकटीत एक छोटा चुंबक बसवलेला असतो आणि कळफलकाच्या बाजूला, बहुधा मनगट टेकण्याच्या जागेच्या कडेला, आतून हा सेन्सर असतो. झाकण मिटले की चुंबक बरोबर सेन्सरवर येतो आणि यंत्राला झाकण बंद झाल्याचा संदेश जातो. पण तो चुंबक झाकणातलाच आहे की बाहेरून आलेला, हे सेन्सरला ओळखता येत नाही.

म्हणून प्रश्न असा की तुमच्या मनगटाजवळ, संध्याकाळी सातनंतर, आणि फक्त तुम्ही बसलेल्या असताना, कोणता चुंबक येतो? चुंबकाच्या टिचकीने बंद होणारे मोबाइलचे पाकीटवजा कव्हर, चश्म्याची चुंबकाने मिटणारी पेटी, आरोग्यासाठी म्हणून घालतात ते चुंबकीय कडे, चुंबकाच्या फाशाचे ब्रेसलेट, आणि हल्ली सर्रास दिसणारा, स्टीलच्या बारीक जाळीचा आणि टोकाशी चुंबकाने चिकटणारा घड्याळाचा पट्टा: यांपैकी काही तुमच्या वापरात आहे का? काही नवीन मोबाइलच्या पाठीतही चार्जिंगसाठी चुंबकांचे कडे असते. यजमानांना त्रास होत नाही आणि दुकानात काही घडले नाही, या तुमच्याच दोन निरीक्षणांवरून दोष यंत्रात नसून यंत्राजवळ येणाऱ्या वस्तूत असावा, असा माझा कयास आहे.

सेन्सर नेमका कुठे आहे हे शोधण्याची एक सोपी रीत सांगतो. साधी टाचणी किंवा कागदाची लोखंडी क्लिप घ्या, ती दोऱ्याला बांधा आणि पडद्याच्या चौकटीच्या कडेने हळूहळू सरकवत न्या. एका जागी ती चौकटीकडे ओढली जाईल. कधी कधी दोन-तीन जागा सापडतात, कारण झाकण घट्ट मिटावे म्हणून काही चुंबक वेगळे लावलेले असतात. झाकण मिटल्यावर त्या जागा खाली जिथे टेकतील, तिथेच कुठेतरी सेन्सर आहे. मग फ्रिजच्या दारावर लावतात तसा एखादा दुबळा चुंबक घेऊन त्या जागांवरून सावकाश फिरवा. सेन्सरवर आला की यंत्र स्लीपमध्ये जाईल. जोरदार निओडिमियम चुंबक या कामाला वापरू नये, विशेषतः आत फिरत्या तबकडीची जुनी हार्डडिस्क असेल तर मुळीच नको.

काही सेन्सर चुंबकाच्या एकाच ध्रुवाला प्रतिसाद देतात आणि काही दोन्हींना. त्यामुळे तीच वस्तू एका बाजूने जवळ आणली तर काही होत नाही आणि उलटी झाली की लगेच होते. हा त्रास अनियमित वाटतो, आणि दुकानात दाखवायला गेले की होत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असते. वस्तू फिरवून पाहिल्याशिवाय ती निर्दोष आहे असे ठरवू नका.

उत्तर २मधील उपायाबद्दल आदरपूर्वक वेगळे मत मांडतो. ‘डू नथिंग’ ठेवल्याने स्लीप थांबेल हे खरे. मात्र मग झाकण मिटून लॅपटॉप चार्जरसह कपाटात किंवा गादीवर ठेवला तरी तो आत चालूच राहतो आणि हवा न मिळाल्याने तापतो. बॅटरीवर असतानाच्या रकान्यातही तोच बदल केला, तर पिशवीत घातलेला लॅपटॉप प्रवासभर तापत राहील. बॅटरीचे आयुष्य कमी करणारी याहून वाईट गोष्ट क्वचितच असेल. शिवाय अनेक यंत्रांत झाकण बंद झाल्याचा संदेश मिळताच पडद्याचा प्रकाश विंडोजला न विचारता परस्पर बंद होतो, म्हणजे स्लीप टळला तरी पडदा अंधारतोच. तपासणी सुरू असेपर्यंत हा बदल करायला हरकत नाही, परंतु कारण सापडल्यावर सेटिंग पूर्ववत करावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर, आपला कयास बरोबर निघाला. मी संध्याकाळी चालायला जाते आणि पावले मोजण्यासाठी स्मार्ट घड्याळ घालते; फेरी झाल्यावर ते तसेच हातात ठेवून कामाला बसते. सकाळी ते चार्जिंगला लावलेले असते. त्याचा पट्टा अगदी आपण वर्णन केला तसा, जाळीचा आणि चुंबकाने चिकटणारा आहे. मूळचा रबरी पट्टा घामाने चिकटायचा म्हणून दिवाळीच्या सुमारास बदलून घेतला होता. त्रासही साधारण त्यानंतरच सुरू झाला, पण या दोन गोष्टींचा संबंध असेल हे कोणालाच सुचण्यासारखे नव्हते.

आपण सांगितलेली टाचणीची रीत करून पाहिली. पडद्याच्या चौकटीत वर डाव्या बाजूला आणि उजव्या बाजूला, अशा दोन जागी टाचणी ओढली गेली. फ्रिजवरचा चुंबक डावीकडच्या जागेखाली, म्हणजे टचपॅडच्या डावीकडे कडेपासून साधारण दोन बोटे आत नेला, की लॅपटॉप लगेच स्लीपमध्ये जातो. उजवीकडे काहीच होत नाही. माझा डावा हात ‘शिफ्ट’च्या कळेकडे जातो तेव्हा पट्ट्याचे टोक नेमके त्या जागेवर येते. मी देवनागरी इन्स्क्रिप्ट कळफलक वापरते, त्यात महाप्राण अक्षरांसाठी आणि स्वतंत्र स्वरांसाठी शिफ्ट वारंवार लागते. यजमान उजव्या हाताने केवळ आकडे भरतात आणि त्यांच्या घड्याळाला चामड्याचा पट्टा आहे, म्हणून त्यांना हा अनुभव आला नसावा.

घड्याळ काढून ठेवल्यापासून लॅपटॉप एकदाही असा थांबलेला नाही. झाकणाचे सेटिंग मी बदललेले नाही. आपणा सर्वांची ऋणी आहे. ज्या दुकानात लॅपटॉप दिला होता, त्यांनाही ही माहिती सविस्तर कळवणार आहे, कारण त्यांच्याकडे असे ग्राहक पुन्हा नक्की येतील.

उत्तर ४ (जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, धाराशिव)

हा धागा वाचून आमच्या शाळेतील एक कोडे उलगडले. संगणक कक्षात जागा कमी असल्याने एक मिटलेला लॅपटॉप खाली आणि दुसरा त्यावर ठेवून आम्ही मुलांना शिकवतो. वरचा लॅपटॉप मध्येच बंद पडतो अशी मुलांची तक्रार होती आणि आम्ही बॅटरीला दोष देत होतो. खालच्या लॅपटॉपच्या झाकणातला चुंबक वरच्याच्या सेन्सरपर्यंत पोहोचतो असे म्हणता येईल का?

उत्तर ५ (इलेक्ट्रॉनिक्सचे अध्यापन, पुणे)

होय, हे अगदी नेहमीचे कारण आहे. दोन्ही लॅपटॉप एकाच प्रकारचे असतील तर कडा बरोबर जुळल्या की हमखास घडते. मध्ये लाकडी पाट किंवा जाड पुस्तके ठेवून काही सेंटीमीटरचे अंतर निर्माण केले की पुरे, कारण अंतर वाढले की चुंबकीय क्षेत्र फार झपाट्याने क्षीण होते. तशीही ही रचना टाळावी असे सुचवतो. वरच्या यंत्राची तळाकडून हवा घेणारी जाळी खालच्या झाकणाने झाकली जाते आणि मुलांच्या हाताने ती सरकण्याचाही धोका असतो.

उत्तर ६ (प्रश्न, लातूर)

माझी अडचण जवळची असली तरी कारण वेगळे दिसते, म्हणून याच ठिकाणी विचारतो. वीज गेल्यावर माझा लॅपटॉप बॅटरीवर चालतो. बॅटरी ३० टक्क्यांच्या आसपास दाखवत असतानाच, व्हिडिओ कॉल सुरू केला की तो स्लीपमध्ये जातो. ४२च्या नोंदीत कारण ‘बॅटरी’ आहे. चार्जर लावल्यावर पुन्हा सुरू होतो आणि बॅटरी ४ टक्के असल्याचे दाखवतो. ३०वरून ४वर एकदम कसे येते?

उत्तर ७ (संगणक दुरुस्ती, नाशिक)

तुमच्या बॅटरीची क्षमता घटली आहे, आणि टक्केवारी दाखवणारा हिशेब मात्र जुन्याच अंदाजावर चालू आहे. झिजलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. साधे टाइपिंग चालू असताना ती तग धरते. व्हिडिओ कॉलमुळे कॅमेरा, प्रोसेसर आणि वायफाय हे सर्व एकदम वीज ओढू लागले की तिचा विद्युतदाब कोसळतो आणि उरलेली टक्केवारी एका झटक्यात खाली येते. ठरावीक पातळीच्या खाली, बहुतेक लॅपटॉपमध्ये ती ५ टक्के ठेवलेली असते, गेल्यावर यंत्र आपला मजकूर वाचवण्यासाठी स्वतःहून स्लीप किंवा हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद होण्याच्या) स्थितीत जाते. म्हणजे ते त्याचे काम बरोबर करत आहे.

खात्रीसाठी स्टार्ट मेनूतून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडून ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करावी. त्यातून एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. तिच्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे पाहावेत. पहिला आकडा बॅटरी नवी असतानाचा आणि दुसरा आज ती पूर्ण भरल्यावर प्रत्यक्ष किती वीज साठवते त्याचा असतो. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याखाली असेल तर बॅटरी बदलण्याची वेळ आली आहे असे मी ग्राहकांना सांगतो. सेटिंगमध्ये काहीही फिरवून ती परत येत नाही. सेटिंगमधली ५ टक्क्यांची पातळी आणखी खाली आणण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मग यंत्राला मजकूर वाचवण्याइतकाही अवधी मिळत नाही आणि वीज थेट तुटते.

एक गोष्ट आजच पाहा. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून तो डगमगतो का, टचपॅड वर उचलल्यासारखे वाटते का किंवा त्याची क्लिक जड झाली आहे का, हे तपासा. तसे असेल तर बॅटरी फुगली आहे. अशा बॅटरीला चार्जिंग लावू नये, ती दाबू किंवा टोचू नये, आणि लॅपटॉप बंद करून बॅटरी जाणकाराकडून काढून घ्यावी. येथे चालढकल करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बॅटरी चांगली निघाली तर चार्जरकडे वळावे. काही कंपन्यांच्या गोल टोकाच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक पिन असते आणि तिच्यावरून लॅपटॉप चार्जर ओळखतो. ती वाकली तर लॅपटॉप चार्जरवर चालतो, परंतु बॅटरी भरत नाही, आणि वीज जाईपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही.

उत्तर ८ (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोल्हापूर)

विंडोज न वापरणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो. ज्या लिनक्समध्ये सिस्टमडी (यंत्रातील सेवा चालवणारी व्यवस्था) आहे, तिथे ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने नोंदी वाचता येतात; यंत्र झाकणामुळे झोपले असेल तर त्या वेळेजवळ ‘लिड क्लोज्ड’ अशी ओळ दिसते. झाकण मिटल्यावर काय व्हावे हे सिस्टमडीचाच भाग असलेल्या ‘लॉगइंड’च्या कॉन्फिगरेशन फाइलमधील ‘हँडललिडस्विच’ या ओळीवरून ठरते, मात्र ग्नोम किंवा केडीई यांसारखा डेस्कटॉप स्वतःही ते ठरवू शकतो, म्हणून दोन्ही ठिकाणी पाहावे. मॅकवर टर्मिनलमध्ये ‘पीएमसेट -जी लॉग’ ही आज्ञा दिली की लांबलचक यादी येते, तिच्यात झाकणाचे कारण ‘क्लॅमशेल स्लीप’ या शब्दांत लिहिलेले असते.

उत्तर ९ (प्रश्न, ठाणे)

माझ्या लॅपटॉपवर रात्री दोन वाजता फोटोंची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवण्याचे काम टास्क शेड्यूलरमधून लावले आहे. ठरल्या वेळी लॅपटॉप जागा होतो, प्रत उतरू लागते आणि दोनच मिनिटांनी तो पुन्हा स्लीपमध्ये जातो. स्लीपची वेळ तर मी एक तास ठेवली आहे. नोंदीत कारण ‘सिस्टम आयडल’ आहे. फोटो आई-वडिलांच्या जुन्या अल्बमचे स्कॅन केलेले आहेत, त्यामुळे प्रत अर्धवट राहणे मला परवडणारे नाही.

उत्तर १० (संगणक दुरुस्ती, नाशिक)

दोन मिनिटे हाच नेमका खुलासा आहे. माणसाने जागे केलेला लॅपटॉप आणि ठरावीक वेळी आपोआप जागा झालेला लॅपटॉप यांत विंडोज फरक करते. दुसऱ्या प्रकारात तुम्ही ठेवलेला एक तास लागू होत नाही. त्यासाठी ‘सिस्टम अनअटेंडेड स्लीप टाइमआउट’ नावाचे वेगळे सेटिंग आहे, ते नेहमीच्या खिडकीत दिसत नाही आणि मुळात दोन मिनिटांवर असते.

ते बदलण्यासाठी कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडावे आणि ‘पॉवरसीएफजी /सेटएसीव्हॅल्यूइंडेक्स स्कीम_करंट सब_स्लीप अनअटेंडस्लीप ३६००’ ही आज्ञा रोमन अक्षरांत व अंकांत द्यावी. शेवटचा आकडा सेकंदांचा आहे, म्हणजे येथे एक तास. त्यानंतर ‘पॉवरसीएफजी /सेटअ‍ॅक्टिव्ह स्कीम_करंट’ दिल्यावर बदल लागू होतो. हा बदल फक्त चार्जर लावलेल्या स्थितीसाठी आहे, आणि रात्रीच्या प्रतीसाठी चार्जर लावलेलाच असावा.

याबरोबरच, दिवसा प्रत उतरत असताना ‘पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स’ ही आज्ञाही त्याच खिडकीत देऊन पाहा. यंत्राला जागे ठेवण्याची विनंती करणारे प्रोग्राम त्यात दिसतात. तुमचा प्रत उतरवणारा प्रोग्राम ‘सिस्टम’ या शीर्षकाखाली नसेल, तर तो अशी विनंती करतच नाही, आणि मग काम तासाभराहून लांबले तर लॅपटॉप पुन्हा मध्येच झोपेल. फोटो पुष्कळ असतील तर पहिली पूर्ण प्रत दिवसा, समोर बसून उतरवून घ्या आणि दोन्हीकडच्या फाइलींची संख्या ताडून पाहा. रात्रीच्या वेळापत्रकावर त्यानंतर फक्त नव्याने वाढलेले फोटो सोपवा.